पोह्यांशेजारच्या गोळ्या

मेंदूच्या दुखापती आणि फिट यांवर संशोधन करण्यात रमाबाईंची हयात गेली. आज त्या मुलासाठी खांदा कॉलनीत मुलगी बघायला आल्या होत्या. पत्रिका मानत नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मुलीने पोह्यांच्या बशीशेजारी गोळ्यांची स्ट्रिप ठेवली. तिच्या आईचा चेहरा उतरला. "मला फिट येतात. आई लपव म्हणाली. पण आजार लपवू नका, हे तुम्हीच खारघरच्या व्याख्यानात सांगितलं होतं, मॅडम." रमाबाईंनी स्ट्रिपवरचं नाव वाचलं. "औषध चांगलं आहे," म्हणत त्यांनी पोहे संपवले आणि मुलाला उठायची खूण केली. दारात त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्याकडे पत्रिकेशिवाय चालत नाही गं. पण माझ्या विभागात ये. फिट येणाऱ्या मुलींची लग्नं का मोडतात, यावर अभ्यास चालू आहे. तुझ्यासारखी प्रामाणिक मुलगीच हवी होती."