पलीकडचा डॉक्टर

फ्रेझर नदीवरच्या कड्यात, चटईएवढ्या कपारीवर, मॅरेन घसरलेल्या वडिलांची फाटलेली मांडी दाबून बसली होती. मदतीसाठी फोन करताना नर्सच्या सवयीने तिने नाडी, जखम, रक्तस्राव, सगळं सांगितलं. कड्यावर अडकलोय, एवढंच सांगायचं राहिलं. म्हणून एअर अँब्युलन्स आली, डॉक्टर, रक्ताच्या पिशव्या घेऊन. माणूस उचलायचा दोर तिच्यात नव्हता. ती नदीपलीकडच्या वाळूवर उतरली. बचावपथकाचं दोरवालं हेलिकॉप्टर तासाभर दूर होतं. "दवाखाना समोर, पेशंट माळ्यावर!" वडील हसले. "बाबा, बोलू नका." "मग काय, डोंगर बघू? जन्मभर तेच केलंय." थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, हात काढ. दुखला असेल." "नाही दुखत." पलीकडे डॉक्टर पिशवी घेऊन उभाच होता. तासाभराने दोरवाले कपारीवर उतरले. त्यांनी नाडीसाठी वडिलांच्या मानेला हात लावला, मग तिच्या खांद्याला. "सोडा आता." तिने आणखी जोरात दाबलं.