पाच इकडे, पाच तिकडे

"एक प्रोग्रॅम तयार व्हायला बेचाळीस मिनिटं!" चिमणीनं हेडफोन टेबलावर आपटला. "काका, एवढ्यात माझी आई सहा जणांचा स्वयंपाक उरकून बाबांची कूससुद्धा बदलते."

ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणत, ते हसले नाहीत. एरवी हसले असते.

कंपायलरमधली, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, आकडेमोड सोपी करणारे सगळे नियम काकांच्या ताब्यात. शून्य मिळवलं तर काढून टाक, एकानं गुणलं तर सोडून दे, असले तीनशे! चिमणीला शिकवलं तेही त्यांनीच. आल्याआल्या साठेक नियम तिच्याकडून सरावाला म्हणून खरडून घेतले होते.

पण कोड वाढत गेला तसा कंपायलर रखडायला लागला. साहेबांनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत कारण हवं. ज्यानं घोळ घातला, त्यानं घरी बसायचं."

गुरुवारी दुपारी चिमणीला सापडलं. आणि किती साधं! एक नियम म्हणे, आकडा उजवीकडे ने. दुसरा म्हणे, डावीकडे आण. क्ष अधिक पाच, पाच अधिक क्ष, परत क्ष अधिक पाच... दोन जावा एकच डबा इकडचा तिकडे ठेवत बसतात ना, तसं. प्रत्येक बेरजेला हजार हजार वेळा!

तिनं डावीकडचा नियम उडवला. तीन मिनिटं.

मग तिनं पाहिलं, तो लिहिला कुणी? कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला, ते यंत्र नोंदवून ठेवतं; फाईलच्या ओळीन् ओळीपुढे काकांचं नाव. तारीख सोमवारची.

"सोमवारी काय केलंत काका?"

"फाईल आवरली. ओळी सरळ केल्या, मोकळ्या जागा काढल्या. म्हणून सगळीकडे मीच दिसतोय."

"आणि हा नियम?"

"तोही माझाच गं. वय झालं."

"मी साहेबांना काय सांगू?"

"दिसतंय ते सांग."

साहेबांनी विचारलं. तिनं काकांचं नाव सांगितलं.

शुक्रवारी काका निघाले. हातात एक कप आणि जुना कॅल्क्युलेटर, बस्स. दारात थांबून म्हणाले, "बाबांना जप. घर तुझ्यावर आहे." तिला मान वर करता आली नाही.

सोमवारी काकांची खुर्ची तिला मिळाली. आणखी कुठे त्यांचा हात चुकला असेल, या धास्तीनं तिनं फाईल आवरण्याआधीची जुनी प्रत उघडली. खाली खाली जात डावीकडच्या नियमापाशी आली.

पुढे तिचंच नाव होतं. तारीख, ती कामाला लागली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली.