खुणेचे कण

कुपीतलं पाणी जेमतेम दुधाळ दिसत होतं. त्यातले प्लास्टिकचे कण हेमांगीने स्वतः घडवले होते, डोळ्यांना कधीच न दिसणारे. घडवतानाच त्यांत किरणोत्सारी कार्बनची खूण घातली होती, म्हणजे टाकीतल्या शिंपल्यांच्या पोटात कुठेही दडले तरी यंत्राला सापडावेत.

"खूण नसती तर एवढ्या पाण्यात यांना कोण शोधणार?" ती नव्या विद्यार्थिनीला म्हणाली. "आणि आपला नियम ठाऊक आहे ना? जेवढं घातलं, तेवढं सापडल्याशिवाय घरी जायचं नाही."

तिच्या वडिलांना, अण्णांना, विसरायला होऊ लागलं, तेव्हा तिने त्यांच्या गळ्यातही एक बिल्ला घातला होता, नाव आणि फोन नंबर कोरलेला. नातीच्या लग्नात ते एवढंसं तोंड करून बसले होते. "आज तरी काढ गं हे. व्याह्यांसमोर गळ्यात दावं बांधल्यासारखं वाटतं."

तिला गलबलून आलं. तिने बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. पंगती उठल्या तेव्हा अण्णा मांडवात नव्हते. त्याला आता वर्ष होत आलं.

संध्याकाळी प्रयोगशाळेत आकडे जुळले. बरेचसे कण शिंपल्यांत निघाले, काही टाकीतल्या पाण्यात, उरलेसुरले हातमोज्यांवर.

"मॅडम, सगळे सापडले!" विद्यार्थिनी हरखून म्हणाली. "आता घरी जाऊ या?"

"तू हो पुढे." पर्समध्ये हात घालून हेमांगीने बिल्ला मुठीत घट्ट धरला. "माझं एक सापडायचं राहिलंय."