अगदी सोपं आहे

तिसऱ्या ओळीशी शर्वाणी हुद्देदारचे कान तापले. प्रोग्रामिंगच्या नव्या साधनाची नवशिक्यांसाठीची माहिती तिनेच लिहिली होती, आणि वाचणाऱ्याला जे वाटेल ते मनगटावरच्या पट्टीतून लिहिणाऱ्यालाही जाणवायचं. कुणीतरी त्या ओळीवर अडकून शरमत होतं.

“मठ्ठ दिसतोय,” ती शेजारच्या हबीबला म्हणाली. “‘फक्त पासवर्ड टाका, अगदी सोपं आहे,’ एवढंच तर लिहिलंय!”

“पण हा पासवर्ड मिळतो कुठे?” हबीबने विचारलं.

ते लिहायचं ती विसरलीच होती. तेवढ्यात त्या परक्या माणसाचा हुंदका तिच्या घशात दाटला आणि पट्टी थंड पडली. त्याने पान बंद केलं होतं.

शर्वाणीने ओळ तिथल्या तिथे सुधारली. तो वाचक मात्र परतला नाही. पट्टी सोडून ठेवली, तरी तिची मान वर होईना.