मौनाचा सोमवार

पाठदुखीवर दवाखान्यात कपिंगचे, म्हणजे कातडी ओढून गोल वळ उठवणारे, पेले लावून घेऊन मी घरी आले. सोमवार होता, सूर्यास्तापर्यंत माझं मौन.

देवापुढे वाकले आणि पदर सरकला. "अगं बाई! सुनेच्या पाठीवर हे गोल गोल लाल चट्टे कसले?" सासूबाई किंचाळल्या.

शेजारच्या कुमुदताईंनी हात जोडले. "अंबाबाई उमटली हो! कुंकू आणा!"

मी जोरजोरात मान हलवून नाही नाही केलं.

"बघा, घुमायला लागली!"

एकेका चट्ट्यावर कुंकू लागलं. सकाळपर्यंत माझ्या दुखण्याला 'थेरं' म्हणणाऱ्या सासूबाई पाया पडल्या. "तू बस गं आई, भांडी मी घासते."

दिवस मावळला. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोरीतून भांडी घासल्याचा आवाज आला. मी देवाला हात जोडले आणि मौन उद्यापर्यंत वाढवलं.