गुरुवारचं मत

या व्यवहारात धाकटीचा फायदाच होता, तोटा शोधूनही सापडत नव्हता. शुक्रवारी लागणारा सिनेमा गुरुवारी दुपारीच बघायचा, तोही फुकट, रिकाम्या थिएटरात, मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसून. नंतर थिएटरच्या मालकांच्या, म्हणजे साहेबांच्या खोलीत कॉफी प्यायची आणि सिनेमा कसा वाटला ते सांगायचं. बस. वय एकोणीस, कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी, आणि मतं तर तिच्याकडे वाटून उरतील इतकी होती.

म्हणूनच मावशीला संशय आला. फुकट काही देणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. साहेबांना लग्नाचा मुलगा आहे का, हे तिने दोनदा विचारलं. मुलगा नव्हता, दोन मुली होत्या आणि दोघी सासरी नांदत होत्या. हे कळल्यावर तिचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

बाबा त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीवर बावीस वर्षं बसत होते. या उन्हाळ्यात गर्दी झाली नाही तर खिडकी बंद करून मशीन बसवायचं, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. बाबांनी मावशीच्या संशयात भर घातली नाही की तो काढलाही नाही. धाकटीला मात्र एवढंच बजावलं, "साहेबांपुढे भीड धरू नकोस. वाटेल ते खरं सांग."

ती सांगायची. पहिला सिनेमा यंत्रमानवांचा होता. तिचं म्हणणं, अख्खं शहर कोसळलं पण नायकाचा भांग मोडला नाही, आणि मरणाऱ्या बापाशी तो इतका वेळ बोलत बसतो की तेवढ्यात शत्रू घरी जाऊन जेवून आला असता. साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी खणातून बिस्किटांचा पुडा काढला.

दुसऱ्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची गोष्ट होती. सातव्या मजल्यावरून फोनवर तक्रार करणाऱ्या आवाजाच्या तो प्रेमात पडतो, आणि लिफ्ट दुरुस्त झाली तर आवाज थांबेल म्हणून मुद्दाम बिघडवत राहतो. धाकटी पोट धरून हसली होती. तिने सिनेमा डोक्यावर घेतला तसे साहेब रिकाम्या कपात चमचा फिरवत बसले. बिस्किटं निघाली नाहीत.

तिसऱ्यात समुद्रातला राक्षस होता. तासभर सगळे पाण्याकडे बोट दाखवतात आणि शेवटी राक्षस दिसतो तेव्हा वाटतं, न दिसता बरा होता. चौथा विनोदी. त्यात विनोद म्हणून माणसं केकवर पडायची. सतरा वेळा पडली, तिने मोजलं होतं. दोन्ही दिवशी बिस्किटं निघाली.

मग एका शुक्रवारी तिने बाहेरचा फलक नीट वाचला आणि मागचे फलक आठवले. खाली मोठं थिएटर, वर छोटं. तिने ज्याला ज्याला नावं ठेवली होती, ते सगळे खाली लागले होते, दिवसाला चार खेळ. लिफ्टवाला वर, सकाळी अकराला, आणि सोमवारी गायब. दारावर तिकिटं फाडणाऱ्याला तिने सहज विचारलं, फलक कधी लिहितात. तो म्हणाला, तू कॉफी पिऊन गेलीस की लगेच.

तिला राग आला. माणूस आपलं मत विचारतो आणि बरोबर उलटं करतो, ते कशासाठी? खाली गर्दी होत होती हे खरं, पण मोठं थिएटर आणि चार खेळ दिल्यावर कोणालाही गर्दी होते. लिफ्टवाल्याला दिलं असतं तर तोही धावला असता. साहेबांना सिनेमातलं काही कळत नाही, आणि अशा माणसाच्या हातात बाबांची खिडकी आहे, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

पाचवा सिनेमा सुट्टीतला शेवटचा होता. दोन म्हाताऱ्या बहिणी, दोघींत मिळून एकच कवळी, आणि दोघींना एकाच दिवशी लग्नाचं जेवण. दहाव्या मिनिटाला धाकटीला कळलं की असा सिनेमा वर्षात एखादाच येतो. मागच्या रांगेत साहेब बसले होते. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन तास काढले. डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नाही आला.

"कसा वाटला?" साहेबांनी विचारलं.

"झोप आली."

"कुठेच हसू आलं नाही?"

"कीव आली. वर लावलात तरी माणसं उठून जातील."

साहेबांनी बिस्किटांचा पुडा अख्खाच पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी फलकावर वर आणि खाली, दोन्हीकडे कवळीच होती. पुढच्या पंधरा दिवसांचे सगळे खेळ.

शुक्रवारी खाली एकवीस माणसं होती. शनिवारी चौदा. रविवारी एका कुटुंबाने मध्यंतरात बाबांकडे पैसे परत मागितले. दुसरा सिनेमा आणायची सोय नव्हती, बाकीच्यांचं बुकिंग साहेबांनी आधीच सोडून दिलेलं. पंधरा दिवस थिएटरात पंखे तेवढे फिरत राहिले.

सोळाव्या दिवशी धाकटी बाबांचा डबा घेऊन खिडकीच्या मागच्या खोलीत आली, तेव्हा साहेब तिथे उभे होते. ते चिडलेले नव्हते, नुसते दमलेले दिसत होते.

"तुम्हीच म्हणाला होतात," ते बाबांना म्हणाले, "आमच्या पोरीला आवडतो तो आपटतो आणि ती नावं ठेवते तो धावतो, लहानपणापासून असंच आहे. त्या बोलीवर मी खिडकी ठेवली. चार वेळा शब्द खरा झाला. मग या वेळी काय झालं?"

बाबांनी धाकटीकडे एकदा पाहिलं. तिच्या हातातला डबा घेऊन टेबलावर ठेवला.

"पोरीची आवड सुधारली असेल, साहेब," ते म्हणाले, आणि जुडग्यातून खिडकीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.