तुळसाबाईंचा व्हिडिओ

रविवारी आंघोळ झाल्यावर तुळसाबाई पांढरी साडी नेसून दिवाणावर बसल्या आणि फोन लेकीच्या, दीप्तीच्या हातात दिला. विहाराच्या महिला मंडळात काही नव्या सुना आल्या होत्या. त्यांना बुद्धवंदना पाठ नव्हती, चारचौघींत चुकायची लाज वाटायची. व्हिडिओ पाठवते, पोळ्या लाटता लाटता म्हणत जा, असं तुळसाबाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

व्हिडिओ काढून झाला तसा फोन भरला. ग्रुपवर काही जाईना. फोनमध्ये गुड मॉर्निंगची फुलं होती, चार-पाच लग्नं होती, कोणाकोणाची बाळं होती, आणि यातलं काहीही पुसायचं नाही अशी ताकीद होती. दीप्तीने दुपारभर बसून सगळं क्लाउडवर चढवलं, मग फोनमधून काढून टाकलं. आता हे कंपनीच्या कॉम्प्युटरवर आहे, पाहिजे तेव्हा उतरवता येतं, असं तिने आईला समजावलं.

"दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं सामान वेळेवर भेटत नाही वं," तुळसाबाई म्हणाल्या आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. व्हिडिओ उद्या पाठवू, असं ठरलं.

सोमवारी सकाळी त्या उठल्या नाहीत.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी तोच व्हिडिओ उतरत नव्हता. मंडळातल्या बायकांनी तेवढं एकच मागितलं होतं. बाईंच्या फोटोसमोर वंदना बाईंनीच सांगावी. फोनवर आईचं पुसट चित्र दिसायचं आणि त्यावर चक्र फिरत राहायचं. लॅपटॉपवर व्हिडिओ निम्म्यापर्यंत यायचा, अडायचा, आणि पुन्हा प्रयत्न करा असा निरोप यायचा. दीप्ती पुन्हा प्रयत्न करायची. वाय-फाय बंद करून चालू केलं. आईच्या खात्यातून बाहेर पडून परत आत शिरली, तेव्हा कॉम्प्युटरने ती खरोखर तुळसाबाईच आहे का, असं विचारलं आणि खात्रीसाठी तुळसाबाईंच्या फोनवर एक आकडा पाठवला. तिने तो भरला.

धाकट्या भावाचा, संघपालचा, कळमेश्वरहून फोन आला. शिफ्ट सुटली होती. त्याचं म्हणणं, फोटो आहे, भंतेजी येणार आहेत, वंदना मी सांगतो, तू पड जराशी. दीप्ती बरं म्हणाली. मग लॅपटॉप पिशवीत घालून सीताबर्डीच्या बाजारात एका दुकानात गेली.

दुकान मोबाइलच्या कव्हरांनी छतापर्यंत भरलेलं होतं. दुकानदार दुर्गेश, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, सगळं ऐकून न घेताच लॅपटॉप स्वतःकडे वळवून बसला. त्याच्याकडच्या इंटरनेटवर व्हिडिओ एका दमात उतरला. एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच लावता लावता त्याने तो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला. वर तुळसाबाई दिसत होत्या, खाली त्यांच्या आवाजाची हिरवी रेघ. थोडी उंच, मग सपाट. पुन्हा उंच, पुन्हा सपाट.

"ताई, फाइल आली, पण खराब होऊन आली," तो म्हणाला. "मधातला आवाजच गळाला. एक ओळ आहे, एक ओळ नाही, असं चालू आहे."

रिकामं तेवढं कापून बाकीचं जोडून देतो, असं त्याने सांगितलं. निम्म्यावर येईल, मग फोनवरसुद्धा आरामात जाईल. बोलता बोलता त्याने रेघेचा एक सपाट तुकडा निवडलाही. तो निळा झाला.

"कापू नका," दीप्ती म्हणाली.

"काहून? रिकामंच तं आहे."

तिला सांगता आलं असतं. एकाने आधी म्हणायचं, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचं, त्यासाठी मध्ये थांबायचं असतं. एवढंच होतं. सांगण्यासाठी तिने तोंड उघडलं आणि तिची नजर पडद्यावर गेली.

तुळसाबाई थांबल्या होत्या. मागच्या खिडकीचा पडदा हलत होता, म्हणजे चित्र चालू होतं. त्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. किंचित वर होते, फोन धरलेल्या माणसाच्या तोंडाकडे.

विहारात दीप्ती मागच्या रांगेत बसायची, हात जोडून, ओठ मिटून. पुस्तकं तिने सगळी वाचली होती, त्यावर वादही घातले होते. मोठ्याने म्हणायची गरज तिला कधी वाटली नाही आणि तुळसाबाईंनी कधी आग्रह केला नाही. त्या रविवारी त्या थांबत होत्या ते नव्या सुनांसाठी. पाहत मात्र होत्या दीप्तीकडे, प्रत्येक ओळीनंतर.

"एक ओळ मागं घ्या," दीप्ती म्हणाली. "आवाज वाढवा."

दुर्गेशने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मागे नेलं.

"बुद्धं सरणं गच्छामि," तुळसाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

रस्त्यावर कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता. काच लावून घेणारं गिऱ्हाईक आपला फोन मागत होतं.

"बुद्धं सरणं गच्छामि," दीप्ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा. दुर्गेशने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

पडद्यावर तुळसाबाईंनी श्वास घेतला आणि पुढची ओळ सुरू केली.